चिंचेखालची गाडी

ही हकीकत सांगायची मी टाळत आलो. गप्प बसून टाळली असती तर निदान बरं झालं असतं. मी ती वेगळ्याच रूपात सांगत राहिलो. चाळीस वर्षं शिकवलं, आणि दर जूनमध्ये नव्या मुलांपुढे पहिल्या तासाला एक किस्सा सांगायचो. सांगलीला माझ्याबरोबर एक जण संशोधन करायचा, प्रयोगाचे आकडे जमेनात तेव्हा त्याने ते घरी बसून लिहून काढले आणि पकडला गेला. मुलं हसायची. मग मी म्हणायचो, प्रयोगवहीशी खोटं बोलू नका. त्याचं नाव घेत नसे, एवढंच माझं सौजन्य.

घरी आणि मित्रांत दुसरा किस्सा असायचा. माझ्या सरांनी मला कसं फसवलं, त्याचा. तो शब्दन् शब्द खरा आहे आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण या दोन किश्शांच्या मध्ये जे घडलं ते मी कुणालाच सांगितलं नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या पेपरात पहिल्या किश्शातल्या त्या माणसाची चार ओळींची निधनवार्ता वाचली. प्रगतशील ऊस उत्पादक, पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडं. रसायनशास्त्राचा उल्लेख नव्हता. तो का नव्हता, हे ठाऊक असलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र केलं, पण माझ्या एकाही शर्टावर ॲसिडचं भोक नाही. माझं काम कागदावरचं आणि संगणकावरचं. सजीवांच्या शरीरात एन्झाइमं असतात. एखादी क्रिया एरवी कूर्मगतीने चालली असती, ती एन्झाइम झपाट्याने घडवून आणतं. ही क्रिया किती वेगाने जाईल, कशाने अडेल, हे परीक्षानळीत न बघता आकड्यांनी घडवून बघायचं, हा माझा धंदा. पुढे मोठ्या कारखान्यांतल्या उत्प्रेरकांवरही हेच केलं. आता हे काम मांडीवरच्या यंत्रावर होतं. सत्तरच्या दशकात आमच्या भागात त्यासाठी एसटीचं तिकीट काढावं लागे.

दुष्काळ नुकताच ओसरला होता. मी साताऱ्याचा. वडील कोर्टात कारकून, घरात गणिताची आवड. एमएस्सी करून सांगलीच्या एका कॉलेजात सरांच्या हाताखाली पीएचडीला नाव नोंदवलं. त्याच वर्षी तोही आला. पलूसकडच्या एका गावचा, घरी ऊस, थोरला भाऊ फौजेत. त्यांच्या भावकीत कॉलेजच्या पुढे गेलेला तो पहिलाच. गावभागात एका वाण्याच्या माडीवर आम्ही दोघांनी मिळून खोली घेतली. दोन खाटा, एक स्टोव्ह आणि खिडकीत त्याच्या बाटल्या.

विषय त्याच्याच घरचा होता म्हणायला हरकत नाही. ऊस तोडला की त्यातली साखर मोडायला लागते. उसातच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं. ते साखरेच्या कणाचे दोन तुकडे करतं आणि त्या तुकड्यांची दाणेदार साखर होत नाही. त्या काळी ऊस बैलगाडीने यायचा आणि कारखान्याच्या गाडीअड्ड्यात कधी एक, कधी दोन दिवस वजनाची वाट बघत उभा राहायचा. तेवढ्या वेळात किती साखर जाते, हे त्याने मोजायचं आणि मी गणिताने सांगायचं. दोन्ही जुळलं की दोघांचा प्रबंध.

तो तोडणीपासून गाडीबरोबर असे. फडात उसाचा तुकडा घ्यायचा, अड्ड्यात दुसऱ्या दिवशी घ्यायचा, तिसऱ्या दिवशी घ्यायचा. शिवाय लांब दांड्याचं एक थर्मामीटर त्याने मोळ्यांत खुपसून ठेवलेलं असे. मोळीच्या पोटातलं तापमान तो शिसपेन्सिलीने एका डायरीत टिपायचा. अंगाला सदैव पाचटाचा वास. मी म्हणायचो, अरे, आंघोळ करून खोलीत येत जा. तो म्हणायचा, "तुज्या गणिताला वास न्हाई त्येचा, म्हणून तुला कळत न्हाई साखर कुटं जाती ती."

संगणक पुण्याला एका संस्थेत होता. आम्हाला महिन्यातून एकदा वेळ मिळे. गणित आणि आकडे जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून द्यायचे, एका ओळीला एक कार्ड. माझा गठ्ठा बुटांच्या खोक्यात बसायचा. कार्डं सांडली तर क्रम कळावा म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर एक तिरकी रेघ मारलेली असे. तो त्याला पत्त्यांचा कॅट म्हणायचा. मी पिशवी भरायला लागलो की विचारायचा, "किती डाव हायेत आज? हरून येऊ नगंस." जाताना मी साताऱ्याला उतरायचो, घरी जेवायचो आणि दुपारच्या गाडीने पुढे जायचो.

आता माझी चूक सांगतो. एन्झाइमचा वेग तापमानावर ठरतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. त्याच्या डायरीत प्रत्येक गाडीचं, प्रत्येक वेळचं तापमान होतं. ते सगळं कार्डांवर पाडायचं तर भोकं पाडायच्या यंत्रावर दोन दिवस बसावं लागलं असतं, आणि मला अर्धाच दिवस मिळालेला. मी कॉलेजच्या गच्चीवरच्या नोंदीतून त्या आठवड्याचं सरासरी तापमान घेतलं आणि सगळ्या गाड्यांसाठी तेच एक कार्ड लावलं. पुढच्या खेपेला बदलू म्हटलं.

निकाल आला तो देखणा होता. साखर उतरत जाणारी एक सुबक रेघ, आणि त्याने मोजलेले ठिपके जवळजवळ सगळे तिच्यावर. सर इतके खूष झाले की त्यांनी तो आलेख लगेच एका परिषदेला पाठवून दिला. तापमान कसं धरलं हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मग पुढच्या खेपेला बदलायचं राहून गेलं.

फक्त एका गाडीचे ठिपके रेघेपासून फार वर होते. माझ्या गणिताप्रमाणे त्या गाडीतली साखर दोन दिवसांत बरीच मोडायला हवी होती. त्याच्या वहीप्रमाणे ती जेमतेम हलली होती. सरांनी वहीवर लाल पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, "याचं काय ते बघा दोघं. पुढच्या शुक्रवारी कारखान्याचे ऊस अधिकारी येताहेत. त्यांच्यापुढे मला लोंबतं काही नको."

खोलीवर मी त्याला विचारलं, मोजताना काही घोळ झाला का. तो स्टोव्हला पिन मारत होता. पिन ठेवून म्हणाला, "चप्पल घाल. अड्ड्यात जाऊ."

गाडीअड्ड्यात त्या दुपारी शंभरावर गाड्या असतील. कडेला एक मोठी चिंच होती. तिच्याखाली सोडलेल्या एका गाडीपाशी तो मला घेऊन गेला. वहीतली ती वेगळी गाडी हीच, आणि गाडीवान म्हणजे त्याचे सख्खे मामा. सुकलेला, काटक माणूस, डोक्याला टॉवेल. बैलांपुढे उसाचे शेंडे टाकत होते.

"मामा, ह्यो माझा जोडीदार. गणितवाला."

"आवं या की सायेब. बसा जुवावर." मामांनी मला वरून खाली बघून घेतलं. "ह्येच का ते, हितलं साखरचं पुण्यात बसून सांगत्यात ते?"

"त्येच."

"मग पुण्यातली आमाला हितनं सांगता येईल का रं?"

तो हसला, पण लगेच गंभीर होऊन म्हणाला, "मामा, त्येला दावा."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मग गाडीच्या मागे जाऊन उसावर टाकलेलं पाचट एका बाजूने उचललं. खालचं पाचट ओलं होतं. मामा म्हणाले, हात घाला. मी मोळीच्या आत हात घातला. थंड होती. मग त्यांनी मला शेजारच्या गाडीकडे नेलं, तिथे हात घातला तर आत चक्क ऊब होती, अंथरुणात असते तशी.

"ऊस तोडला म्हंजी मेला न्हवं, सायेब," मामा म्हणाले. "त्यो श्वास घेतोय. तापतोय. सांजसकाळ दोन बादल्या शिपडायच्या आनि वर पाचट झाकायचं. आमचा बा करायचा, म्हणून मी करतो."

"सगळेच का करत नाहीत?" मी विचारलं.

मामांनी भाच्याकडे पाहिलं. उत्तर त्याने दिलं. पाणी मारलेला ऊस काट्यावर जड भरतो. कारखान्याला कळलं तर ती चोरी धरतात, गाडी परत पाठवतात आणि गाडीवानाचं नाव कायमचं काढून टाकतात. मामांना जमीन नव्हती. गाडी आणि बैलजोडी, एवढंच.

परत येताना पुलावर तो थांबला. खाली कृष्णेचं पाणी आटलेलं. म्हणाला, "तुला दावलं ते तुज्यापाशी. सरांना बी न्हाई सांगायचं. शपथ घे म्हणत न्हाई मी. नुसतं व्हय म्हण."

मी होय म्हणालो.

त्या आठवड्यात मी मधल्या एका दिवसासाठी पुण्याचा वेळ मिळवला. या खेपेला त्याची डायरी बरोबर नेली आणि मामांच्या गाडीची खरी तापमानं कार्डांवर पाडली. निकालाचा लांब कागद यंत्रातून बाहेर यायला लागला तेव्हा मी उभ्यानेच वाचला. त्याचे ते वर राहिलेले ठिपके रेघेवर येऊन बसले होते. त्याचं मोजमाप अचूक होतं. चुकीचं होतं माझं एक कार्ड.

शुक्रवारी सकाळी सांगलीला उतरलो. तो दाढी करत होता. मी कागद त्याच्यापुढे धरला आणि म्हणालो, बसलं. त्याने साबणाच्या हातांनी कागद धरला नाही, नुसता वाकून पाहिला. एक एक ठिपका. मग आरशात बघत म्हणाला, "गड्या, मला वाटलं माजंच डोकं फिरलं."

मग ठरलं ते असं. बोलायचं मी, कारण गणित माझं. पाण्याचं नाव काढायचं नाही. म्हणायचं, सर, मी सगळ्या गाड्यांना एकच तापमान धरलं होतं, ही गाडी चिंचेखाली होती, तिचं खरं तापमान घातलं की आकडे जुळतात. "आनि खोटं कुटं हाय त्यात?" तो म्हणाला. "व्हतीच की गाडी चिंचंखाली." त्याने स्वतःचा इस्त्रीचा शर्ट मला दिला, माझा प्रवासात मळला होता म्हणून.

सरांच्या खोलीत आम्ही चौघं. सर, ऊस अधिकारी, तो आणि मी. अधिकारी जाडसर, हसतमुख, कारखान्याच्या जीपमधून आलेले. सरांनी सुरुवातच माझ्यापासून केली. परिषदेने आलेख स्वीकारला होता. शिवाय पुण्याच्या त्या संस्थेत एक जागा निघणार होती, संगणकावर रसायनशास्त्र करणाऱ्यासाठी. तशी माणसं तेव्हा आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सरांनी माझी शिफारस केली होती. ते अधिकाऱ्यांना म्हणाले, "या मुलाचं वैशिष्ट्य म्हणजे हा एकही गोष्ट गृहीत धरत नाही. प्रत्येक आकडा तपासून घेतो."

कागद माझ्या पिशवीत होता. पिशवी मांडीवर.

मग सरांनी ती वही उघडली, लाल गोलावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "तुझ्या गणितात काही चूक असू शकते का? स्पष्ट सांग."

या प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी मी किती वेळ घेतला हे मला आठवत नाही. पंखा चालू होता हे आठवतं. शर्टाची कॉलर मला घट्ट होत होती हे आठवतं. पुण्याची जागा, साताऱ्याला वडिलांना लिहायचं पत्र, प्रत्येक आकडा तपासून घेतो हे वाक्य, हे सगळं एकदम डोक्यात आलं असं म्हणता येईल. पण तेही नंतर जोडलेलं असेल. मी म्हणालो, "नाही, सर."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला वाटलं असावं की मी आधी नाही म्हणून मग काहीतरी समजावून सांगणार आहे, माझी बोलायची रीतच तशी. तो वाट बघत राहिला.

सर त्याला म्हणाले, "मग तुझं काय म्हणणं? ही एकच गाडी वेगळी का?"

तो अजून माझ्याकडेच बघत होता.

ऊस अधिकारी मदतीच्या सुरात म्हणाले, "गाडी कुणाची होती ते सांगा की. काट्यावर नोंद असते. गाडीवानाला बोलावून घेऊ आणि विचारू, कसा आणला, कुठे सोडला. त्यात काय मोठंसं."

तेव्हा त्याने माझ्यावरची नजर काढली. उभा राहिला. सरांपुढे तो नेहमी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचा, त्यासाठी खोलीवर सराव करायचा. त्या दिवशी म्हणाला, "गाडीवानाला कशापायी बोलावता, सायेब. गाडीचा काय संबंद न्हाई. आकडे म्या घरात बसून लिवले."

सरांनी वही मिटली. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. पुढे सर जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, याचं नाव मी काढून टाकतो. आणि मला म्हणाले, तू बस.

मी बसलो.

खोलीवर गेलो तेव्हा त्याची वळकटी बांधून झाली होती. बाटल्या तशाच खिडकीत. मला पाहून त्याने विचारलं, "तुजा घसा बसला व्हता का रं?"

हा टोमणा असावा असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. आता वाटतं, तो खरंच विचारत होता. दुसरं कारण त्याला सुचत नव्हतं.

मी म्हणालो, "नाही."

"मग ठीक हाय." वळकटी खांद्यावर घेतली. जिन्यात थांबून म्हणाला, "शर्ट ऱ्हाऊ दे तुला. पुण्याला लागंल."

पुण्याची जागा मला मिळाली. साताऱ्याला वडिलांनी पेढे वाटले, आळीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन. आणि मग माझ्या फसवणुकीचा किस्सा, ज्यावर मी इतकी वर्षं सहानुभूती मिळवली. वर्षभराने आमचा निबंध छापून आला. सगळं गणित माझं, आलेख माझे, वाक्यंसुद्धा माझी. वर नाव एकट्या सरांचं. शेवटी बारीक अक्षरात, कार्डांवर भोकं पाडण्याच्या कामी मदत केल्याबद्दल माझे आभार. मी सरांना भेटायला सांगलीला गेलो. ते दारातूनच म्हणाले, "अरे, तुला नोकरी लावून दिली ना?" त्या दिवशी मी बसस्टँडवर बसून भडंग खात अक्षरशः रडलो. विश्वास ठेवलेल्या माणसाने असं करावं, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, कुणी गेलं का.

आणि तिथेच, त्या बाकावर, मला तो आठवला. म्हणजे एरवी आठवत नसे असं नाही. पण त्याला त्या खोलीत काय वाटलं असेल, हे तोपर्यंत मी कधी आतून बघितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी पलूसच्या एसटीत बसलो. पिशवीत तो लांब कागद घडी करून घेतला होता. ठरवलं होतं की कागद त्याच्या हातात द्यायचा आणि एक सरळ वाक्य बोलायचं. वाटेत ते वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलं की शेजाऱ्याला वाटलं मी स्तोत्र म्हणतोय. गाव आल्यावर मुख्य रस्त्यावर उतरून चालत गेलो.

तो उसाला पाणी पाजत होता, धोतर गुडघ्यापर्यंत. मला पाहून खोरं बांधावर टेकवलं. "आलास व्हय," म्हणाला. जणू मी कालच गेलो होतो.

बांधावर मामा बसले होते. ते उठले, आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "सायेब, तुमचं लय उपकार. पोरानं समदं सांगितलं. एवढा मोटा सायेब समोर, पन तुमी पाण्याचं तोंडातनं काढलं न्हाईसा. माजी गाडी अजून चालू हाय ती तुमच्यामुळं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पाटातला कचरा पायाने बाजूला करत होता.

मामा काकवी आणायला वस्तीवर गेले. आम्ही दोघंच उरलो. त्याने विचारलं, "काय काढलंस एवड्या लांब? बरं हाय न्हवं समदं?"

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते सरांचं. निबंध, एकट्याचं नाव, बारीक अक्षर, नोकरी लावून दिली ना. मी थांबेचना. आवाज चढला. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच, असं म्हणालो. हे मी त्याच्यासमोर म्हणालो, त्याच्या बांधावर बसून. मला ते ऐकू येत होतं आणि तरी बंद करता येत नव्हतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा उठून पाणी दुसऱ्या सरीत वळवून आला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "लय वाईट केलं रं तुज्यासंगं."

त्यात कुठेही कुसकट काही नव्हतं. मी शोधत होतो, सापडलं असतं तर बोलणं सोपं गेलं असतं.

काकवी आली. खाल्ली. त्याच्या फौजेतल्या भावाच्या पत्राबद्दल बोलणं झालं, तो तेव्हा कुठेतरी बर्फात होता. मी निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत पोचवायला आला. एसटी लांबून दिसायला लागली, आणि तेव्हा त्याने रस्त्याकडे बघतच विचारलं, "त्यो कागद हाय का रं तुज्यापाशी? ज्यात बसलं व्हतं."

"का?"

"काय न्हाई. एकदा बगायचा व्हता. त्या दिवशी हात वले व्हते."

कागद माझ्या पिशवीत होता. त्याच्यासाठीच आणलेला. तो काढून दिला असता तर पाठोपाठ ते वाक्य बोलावं लागलं असतं, आणि एसटी तर आलीच होती. मी म्हणालो, "शोधावा लागेल. पाठवतो."

"व्हय. सापडला तर पाठव."

मी पाठवला नाही. पाकिटावर पत्ता लिहिला की आत चिठ्ठी घालावी लागे, आणि चिठ्ठीत काय लिहायचं तिथे अडायचं. काही वर्षांनी, मी पुण्यात चांगला स्थिरावलो होतो, तेव्हा एका व्याख्यानाला गेलो होतो. तोडलेल्या उसावर पाणी शिंपडून पाचट झाकलं तर साखरेची नासाडी कमी होते, ही शिफारस व्याख्याते करत होते. लोक टिपून घेत होते. मीही टिपून घेतलं, सवयीने. त्या रात्री पाकीट पुन्हा काढलं आणि पुन्हा ठेवून दिलं. दुसऱ्या आठवड्यात नवी मुलं आली, आणि मी पहिल्या तासाला त्यांना घरी बसून आकडे लिहिणाऱ्या माणसाचा किस्सा सांगितला. हे का केलं, मला सांगता येत नाही. सांगत राहिल्याने ते खरं होईल असं काहीतरी असावं.

कागद आता माझ्यापुढे आहे. घडीवर फाटला आहे, पण ठिपके दिसतात. त्याच्या मुलांना हा कधी दाखवला तर त्यांना आपल्या बापाचं काय बुडालं हे कळेल, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिलं. त्यांना मी पत्र लिहीन. पण ते वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं. एसटीत बसून पाठ केलेलं, बांधावर न निघालेलं, ते असं होतं:

तुझे आकडे बरोबर होते, चूक माझ्या गणितात होती, मला ते त्या खोलीत बसलो होतो तेव्हा ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही. मला क्षमा कर.